पुढचा शब्द कुणाचा?

2010 साली चेन्नईत घडलेल्या एका यंत्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचं नाव ‘आवाज’. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेला अजित नारायणन अमेरिकेतली नोकरी सोडून चेन्नईला परतला होता. त्याने इन्व्हेन्शन लॅब्ज ही छोटी कंपनी काढली आणि ‘विद्या सागर’ या संस्थेतल्या मुलांमध्ये बसून हे यंत्र तयार केलं. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांना बोलता येत नाही त्यांनी पडद्यावरची चित्रं निवडायची आणि यंत्राने त्यांचं वाक्य मोठ्याने म्हणायचं. तोवर अशी यंत्रं परदेशातून यायची आणि मध्यमवर्गीय घराला ती परवडत नसत. 2011 मध्ये एमआयटीच्या ‘टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने अजितला जगातल्या तरुण संशोधकांच्या यादीत घेतलं. 2012 मध्ये ‘आवाज’ आयपॅडवर आलं आणि ऑटिस्टिक मुलांच्या घरांत पोचलं.

तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली ती मुलं आज पंचविशीत आहेत. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न चेन्नईच्या पालकांना जितका छळतो तितकाच पुण्याच्या आणि नागपूरच्याही. थेरपी, खास शाळा, चाचण्या, संशोधनाचा पैसा, सगळं बालपणाभोवती गोळा झालं आहे. ऑटिझम मात्र आयुष्यभर सोबत असतो.

चेन्नईतल्या एका मराठी घरात याच प्रश्नावर मावशी आणि भाचा यांच्यात बरेच दिवस वाद चालला आहे. मावशी लग्नानंतर कोल्हापूरहून आली. नवरा पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात होता, आता निवृत्त होऊन दोघं वेलचेरीत राहतात. मुलगा 29 वर्षांचा आहे, मोजके शब्द बोलतो आणि बाकीचं टॅबलेटवर चित्रं दाबून सांगतो. भाचा चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत संगणकाला भाषा शिकवण्याचं काम करतो. ही माणसं प्रातिनिधिक आहेत. त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या संस्था, अभ्यास, कायदे आणि आकडे मात्र खरे आहेत.

भाच्याचं म्हणणं असं, की जे मोजलेलं नाही त्यावर माणसाचं आयुष्य टांगू नये.

“मावशी, 2020 साली अमेरिकेत सगळ्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला गेला. ऑटिझमसाठी खात्रीने उपयोगी पडणाऱ्या 28 पद्धती त्यातून निघाल्या. चित्रांचं वेळापत्रक आहे, व्हिडिओ दाखवून कामाची पायरी शिकवणं आहे, बोलणारी यंत्रं आहेत. एवढी यादी तयार असताना तू दर महिन्याला कुणीतरी सांगितलेलं नवं काहीतरी का करून बघतेस?”

“त्या आढाव्यात वय किती धरलंय?”

“जन्मापासून 22 वर्षांपर्यंत.”

“याला सात वर्षं झाली त्या यादीच्या बाहेर पडून,” मावशी म्हणाली. “पाच वर्षांच्या मुलाला दात घासायला शिकवायची पद्धत तू मला सांगणार. याला दात घासता येतात, अरे. याला दाढ दुखली तर कुणाला कळत नाही, हा माझा प्रश्न आहे.”

इथे मावशीची बाजू भक्कम आहे. तो आढावा काळजीपूर्वक केलेला आहे, पण बाविशीनंतरच्या प्रौढांबद्दल त्याने काही सांगितलेलंच नाही. चाळिशीतल्या ऑटिस्टिक माणसाला नोकरीचा ताण कसा पेलवेल, पन्नाशीत त्याच्या रक्तदाबाची तपासणी कशी करावी, आई-वडील गेल्यावर त्याचं घर कसं चालेल, यावर भरवशाचं संशोधन फार थोडं आहे. भारतात तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा मार्गही बहुतेकदा लहान वयातल्या निरीक्षणांवरून जातो. आयएसएए या भारतीय मापनपट्टीत 40 बाबी आहेत, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. त्यातून ऑटिझम किती आहे हे ठरतं. माणसाला कसली मदत लागेल, ते ठरत नाही.

मग मावशी तिचा पुरावा काढते. कपाटात वह्या रचून ठेवलेल्या आहेत. झोप, जेवण, पावसाचा दिवस, पाहुणे, फिट आली का, कशाने चिडला, कशाने शांत झाला. “यातलं एक पान तुझ्या संगणकात आहे का?” असं ती विचारते तेव्हा तिच्या आवाजात दोन दशकांची जागरणं असतात.

भाचा वह्यांचा मान राखतो, पण माघार घेत नाही. तो 1990च्या दशकातली एक गोष्ट सांगतो आणि ती प्रत्येक पालकाने ऐकायला हवी.

त्या काळात ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ नावाची पद्धत अमेरिकेत वेगाने पसरली. न बोलणाऱ्या माणसाचा हात किंवा मनगट सहायकाने धरायचं आणि त्याने कळफलकावर टाइप करायचं. एकही शब्द न बोललेली माणसं परिच्छेद लिहू लागली. आई-वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, संस्थांनी वर्ग काढले. मग न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्राने चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष 1993 मध्ये छापून आले. 12 ऑटिस्टिक व्यक्ती, 9 सहायक. दोघांना चित्रं दाखवायची, पण एकमेकांना काय दिसतंय हे कळू द्यायचं नाही. कधी दोघांना एकच चित्र, कधी वेगवेगळी. वेगळी चित्रं दाखवली तेव्हा योग्य उत्तर एकदाही आलं नाही. उत्तर यायचं ते सहायकाला दिसलेल्या चित्राचं. सहायक खोटं बोलत नव्हते. आपलाच हात शब्द निवडतो आहे याची त्यांना जाणीवच नव्हती.

“त्या आयांकडेही वह्या होत्या, मावशी. त्यांनीही मनापासूनच लिहिलं होतं.”

मावशीला हे लागतं. तिने टिटो मुखोपाध्यायबद्दल वाचलेलं असतं. 1989 मध्ये जन्मलेला, जवळजवळ न बोलणारा हा भारतीय मुलगा. त्याचं पहिलं पुस्तक ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने 2000 साली काढलं. त्याच्या आईने, सोमा मुखोपाध्याय यांनी, त्याच्यासाठी घडवलेली अक्षरफळ्याची पद्धत पुढे अमेरिकेत गेली. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये फॅसिलिटेटेड कम्युनिकेशनबरोबर या पद्धतीविरुद्धही भूमिका जाहीर केली. शब्द खरोखर त्या व्यक्तीचेच आहेत हे सिद्ध झालेलं नाही आणि व्यक्ती सहायकाच्या इशाऱ्यांवर अवलंबून राहते, असं त्यांचं म्हणणं.

“म्हणजे टिटोला काही कळत नाही, असं म्हणायचंय तुला?”

“नाही. मला एवढंच म्हणायचंय की कुणाला कळतं यावर माझा विश्वास असला, तरी समोरचं वाक्य त्याचं आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. आणि तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे गं. दुसऱ्याचं वाक्य त्याच्या नावावर खपवलं तर त्याच्यावरच अन्याय होतो.”

या मुद्द्यावर भाचा बरोबर आहे, आणि प्रेम जितकं जास्त तितकी ही तपासणी जास्त गरजेची. मात्र चाचणी म्हणजे शंभर माणसांचे दोन गट, असं तो धरून चालतो तिथे तो कमी पडतो. त्याच 2020च्या आढाव्यातले बहुसंख्य अभ्यास एकेका व्यक्तीवर बारकाईने केलेले आहेत. एकाच माणसावर उपाय सुरू करायचा, थांबवायचा, पुन्हा सुरू करायचा आणि दर वेळी तीच गोष्ट त्याच रीतीने मोजायची. हे एका घरातही जमतं.

दिवाळीच्या आधी त्यांनी तसंच केलं. चेन्नईत दिवाळीच्या पहाटे फटाक्यांचा जो धडाका सुरू होतो त्याने मावशीचा मुलगा न्हाणीघरात जाऊन बसतो. आवाज अडवणारे हेडफोन उपयोगी आहेत असं मावशीला वाटत होतं, पण तिची वही नुसतं ‘आज बरा होता’ म्हणायची. भाच्याने आठवडे वाटून दिले. एक आठवडा हेडफोन हाताशी ठेवायचे, पुढचा आठवडा नाही, परत आलटून पालटून. मोजायच्या गोष्टी फक्त दोन: रात्री किती वाजता झोपला, आणि बाजारातून मध्येच परत फिरावं लागलं का. नोंद मावशीने न करता रोज घरी येणाऱ्या मदतनीस बाईंनी करायची, म्हणजे मावशीची इच्छा आकड्यांत मिसळणार नाही. बाजाराचा फरक स्पष्ट दिसला, झोपेचा दिसला नाही. मावशीने वहीत तेही लिहिलं. त्या दिवसापासून तिच्या नोंदींची रीत बदलली.

घड्याळावरचा वाद अधिक तापला. भाच्याने मनगटावर बांधायचं घड्याळासारखं एक यंत्र आणलं. हृदयाचे ठोके, हालचाल आणि त्वचेवरच्या घामातून बदलणारी विद्युतवाहकता ते मोजतं. मेल्टडाऊन (ताण अनावर होऊन भान सुटणं) होण्याआधी सूचना मिळेल, अशी त्याची आशा. आधार होता 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा. 20 ऑटिस्टिक मुलांच्या मनगटावरच्या नोंदींवरून संशोधकांनी आक्रमक वर्तनाचा अंदाज एक मिनिट आधी बांधला. सगळ्यांच्या नोंदींवर एकच सूत्र लावलं तेव्हा अंदाज किती चांगला याचं माप (1 म्हणजे बिनचूक) 0.71 आलं, ज्याच्या त्याच्या नोंदींवर वेगळं सूत्र केलं तेव्हा 0.84.

“ती मुलं कुठे होती?”

“रुग्णालयात. दाखल झालेली.”

“म्हणजे गार खोलीत,” मावशी म्हणाली. “मे महिन्यात टी नगरला साडीच्या दुकानाबाहेर उभा राहा दहा मिनिटं. तुझ्या यंत्राला तूही चिडलेला दिसशील.”

भाचा गप्प बसला, कारण मुद्दा शास्त्रीय होता. चेन्नईच्या दमट उन्हात घाम मोजून मन ओळखायचं तर इथल्या माणसांवर, इथल्या ऋतूत नव्याने अभ्यास व्हायला हवा. पण 0.71 आणि 0.84 मधल्या फरकाने मावशीचीच जुनी बाजू बळकट होते, हेही त्याने कबूल केलं: एका माणसाचा स्वतःचा इतिहास, सगळ्यांच्या सरासरीपेक्षा त्याच्याबद्दल जास्त सांगतो.

आणि ज्याच्या मनगटासाठी हा वाद होता त्याने ते घड्याळ दोनदा काढून चपलांच्या कपाटात ठेवलं. तिसऱ्यांदा भाच्याने बांधायला घेतलं तेव्हा तो म्हणाला, “वेंडाम.” नको. दुकानदारांकडून शिकलेला हा तमिळ शब्द तो स्पष्ट म्हणतो. भाचा म्हणाला, पट्टा टोचत असेल, मऊ पट्टा आणू. मावशी म्हणाली, तो नको म्हणाला आहे. घड्याळ परत गेलं. माझ्या मते पुराव्याच्या कुठल्याही यादीत या एका शब्दाला सगळ्यांत वरची जागा आहे. तो शब्द न नोंदवणारा अभ्यास कितीही मोठा असला तरी अपुरा आहे.

वादाला खरं वळण मिळालं ते भाच्याच्या स्वतःच्या कामावरून. तो एका नव्या सोयीने भारावला होता. बोलणाऱ्या ॲपमध्ये दोन चित्रं दाबली की कृत्रिम बुद्धिमत्ता पूर्ण वाक्य सुचवते. ‘मी’ आणि ‘बस’ दाबलं की ‘मला बसने बाहेर जायचं आहे’ तयार. एरवी एका वाक्याला मिनिटभर लागतं, समोरचा माणूस तेवढा थांबत नाही. ही अडचण खरी आहे, रोजची आहे.

मावशीने ते शांतपणे पाहिलं. मग म्हणाली, “आणि त्याला ‘मला बसची भीती वाटते’ म्हणायचं असेल तर?”

“तो दुसरा पर्याय निवडेल.”

“निवडेल? दाखवलेल्या तिनांत ते वाक्यच नसलं तर? अरे, तूच मला त्या हात धरणाऱ्या सहायकांची गोष्ट सांगितलीस. त्यांना वाटायचं, मूल लिहितंय. इथे हात धरलेला दिसतसुद्धा नाही.”

भाच्याकडे याला उत्तर नव्हतं. वाक्य पुरवणारं यंत्र लाखो लोकांच्या लिखाणावरून संभाव्य शब्द काढतं. ते लोक बहुतेक बोलणारे, ऑटिस्टिक नसलेले. जो माणूस आधीच इतरांच्या होकारात वाहून जातो, त्याच्यापुढे गुळगुळीत तयार वाक्य ठेवलं तर तो ते दाबेल, आणि घरच्यांना आनंद होईल की आज किती छान बोलला. 1993ची चाचणी इथे पुन्हा लागू होते. भाच्याने तिची घरगुती रीत स्वतःच सुचवली: सुचवलेल्या वाक्यांत मुद्दाम चुकीचं वाक्य मिसळायचं आणि तो ते नाकारतो का पाहायचं. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी, वेगळ्या क्रमाने. ‘यातलं काहीच नाही’ असं मोठं बटण कायम पडद्यावर. आणि यंत्राने सुचवलेले शब्द वेगळ्या रंगात, म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल की यातलं त्याचं किती आणि यंत्राचं किती. अशी सोय बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीवर हे बंधन असायला हवं, असं मला ठाम वाटतं.

यंत्राशिवायच्या साधनांबाबत मात्र दोघांचं आता एकमत आहे. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई बुडाली. वेलचेरी, पळ्ळिकरणै भागात दिवसचे दिवस वीज नव्हती. टॅबलेट पहिल्याच रात्री बंद पडला. मावशीने जुना, प्लास्टिकचं आवरण घातलेला चित्रांचा कागद काढला आणि घर त्यावर चाललं. तेव्हापासून टॅबलेटमध्ये नवा शब्द आला की तो कागदावरही चढतो.

खुणा, चित्रं किंवा बोलणारं यंत्र वापरल्याने माणूस तोंडाने बोलायचा थांबतो, ही भीती मात्र मावशीच्या पिढीने फार काळ बाळगली, अनेक डॉक्टरांनीही घातली. अशा साधनांवरच्या 2006च्या एका आढाव्यात, नीट पुरावा असलेल्या 27 व्यक्तींपैकी 89 टक्क्यांचं बोलणं वाढलेलं दिसलं, उरलेल्यांचं होतं तसं राहिलं आणि एकाचंही कमी झालं नाही.

कायद्यावर दोघं क्वचित बोलतात, पण बोलायला हवं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला स्पष्ट स्थान दिलं आणि पालकत्वाची व्याख्या बदलली. मर्यादित पालकत्वात निर्णय पालकाने एकट्याने घ्यायचा नसतो, दोघांनी मिळून, परस्परविश्वासाने घ्यायचा असतो. 1999च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याचा सूर याहून जुना आहे, तिथे पालक नेमला जातो. आणि 2023चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा सांगतो, की कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीची माहिती वापरायची तर संमती पालकाची घ्यावी. झोप, ठोके, राग, जाण्यायेण्याच्या जागा, हे सगळं ज्याचं आहे त्याला विचारण्याची सक्ती तिथे नाही. मावशी कायदेशीर पालक असेल तर भाच्याच्या कंपनीला तिची सही पुरेल. मावशीला ती पुरत नाही. ती मुलाला चित्रं दाखवून विचारते आणि त्याचं उत्तर सहीशेजारी लिहिते.

या घरात नसलेला तिसरा पुरावा जगात वाढतो आहे: ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतः केलेलं संशोधन. अमेरिकेतल्या ‘ॲस्पायर’ या गटात 2006 पासून ऑटिस्टिक माणसं आणि विद्यापीठातले संशोधक बरोबरीने काम करतात. दवाखान्यात जाण्याआधी डॉक्टरला द्यायचं माहितीपत्रक त्यांनी बनवलं: मला कसं विचारावं, स्पर्श करण्याआधी काय सांगावं, दुखलं तर मी ते कसं दाखवतो. ब्रिटनमधले ऑटिस्टिक अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. ऑटिस्टिक माणूस इतरांना जितका चुकीचा वाचतो तितकेच इतरही त्याला चुकीचं वाचतात. भाच्याने हे वाचलं तेव्हा त्याने पहिल्यांदा आपल्या सॉफ्टवेअरची चाचणी घेणाऱ्या गटात ऑटिस्टिक प्रौढ किती, असं कार्यालयात विचारलं. एकही नव्हता.

दाढदुखीचा प्रश्न अजून उभा आहे, आणि तो लहान नाही. स्वीडनमध्ये 27,122 ऑटिस्टिक व्यक्तींच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या मृतांचं सरासरी वय 54च्या आसपास होतं, तुलनेतल्या इतर लोकांचं 70. कारणं अनेक आहेत, फिट्स, हृदयविकार, आत्महत्या. पण दुखणं वेळेवर सांगता न येणं आणि ते ऐकून न घेतलं जाणं याचा आरोग्याशी सरळ संबंध आहे.

एका रविवारी मावशी आणि भाच्याने टॅबलेटमधले शब्द मोजायला घेतले. फळं, रंग, प्राणी, खेळणी भरपूर. 29 वर्षांच्या पुरुषाच्या टॅबलेटवर ‘छातीत दुखतंय’ नव्हतं. ‘दार लावा’ नव्हतं, ‘पगार’ नव्हता, ‘हात लावू नका’ नव्हतं, ‘बाबा कधी मरणार?’ विचारायला शब्द नव्हते. शब्दसंग्रह भरला होता तेव्हा तो मुलगा होता, आणि तो मोठा होत असताना कुणीच ते पान उलटलं नव्हतं.

आपल्या घरात किंवा शेजारी असा प्रौढ माणूस असेल तर आज त्याचा टॅबलेट किंवा चित्रतक्ता उघडून पाहा. तक्ता नसेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीत आहे, तिथून सुरुवात करा. दुखण्याचे, नकाराचे, पैशाचे, एकांताचे शब्द त्यात घाला. कुठले घालायचे, हे आधी त्याला विचारा.